जुनी मोटार, मीठ आणि सवड

कोकणातील सड्यावरून चालताना पायाखाली जो लाल-तपकिरी जांभा दिसतो, त्याचा रंग लोहाच्या ऑक्साइडांचा आहे. लाखो वर्षांच्या पावसाने मूळ खडकातील सिलिका आणि विरघळणारे क्षार वाहून नेले आणि लोह व ॲल्युमिनियम यांची ऑक्साइडे मागे राहिली. त्यातील गोएथाइट हे खनिज लोखंडाच्या गंजातही सापडते. म्हणजे चिरेखाणीतला चिरा आणि गंजलेला पत्रा हे एकमेकांचे नातेवाईक आहेत. लोखंडाची स्वाभाविक अवस्था ही अशी ऑक्साइडाची. माणूस कोळसा जाळून, भट्टीत ऊर्जा खर्चून त्यातून धातू वेगळा करतो. संधी मिळताच हा धातू पुन्हा आपल्या मूळ अवस्थेकडे परततो. ही संधी त्याला समुद्रकिनाऱ्याइतकी सहज दुसरीकडे क्वचितच मिळते.

देवगड तालुक्यातील मिठबाव हे असेच किनाऱ्यावरचे गाव. नावाची व्युत्पत्ती काहीही असो, तेथील हवेत मीठ आहे यात शंका नाही. या गावातील एका मांगरात आम्ही काही जण गेली सात वर्षे सुट्यांमध्ये एक जुनी दोन आसनी स्पोर्ट्स मोटार दुरुस्त करीत आहोत. गाडी आहे एमजी टीडी. इंग्लंडमधील ॲबिंग्डन येथे १९४९ ते १९५३ या काळात ही गाडी तयार होत असे. १२५० घन सेंटिमीटरचे चार सिलिंडरांचे इंजिन, पोलादी पेटीसारख्या आडव्या-उभ्या तुळयांची चासी, त्यावर ॲश नावाच्या लाकडाचा सांगाडा आणि त्या सांगाड्यावर ठोकलेला पोलादाचा पत्रा, अशी तिची रचना. "सात वर्षे झाली, अजून गाडी चालत कशी नाही?" असे गावातील मुले विचारतात. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर आमच्या आळसात थोडे असेलही, पण बरेचसे पदार्थविज्ञानात आणि रसायनशास्त्रात आहे. हा लेख त्या उत्तरासाठी.

गंज चढतो कसा?

लोखंड, पाणी आणि ऑक्सिजन एकत्र आले की गंज चढतो, हे आपण सातवी-आठवीत शिकवतो. पण ही क्रिया विद्युत-रासायनिक आहे, हे सांगायचे बहुधा राहून जाते. एकाच पत्र्यावर एका ठिकाणी लोखंडाचे अणू प्रत्येकी दोन इलेक्ट्रॉन मागे ठेवून आयनरूपाने पाण्यात उतरतात. ते ठिकाण म्हणजे धनाग्र. हे इलेक्ट्रॉन पत्र्यातूनच दुसऱ्या ठिकाणी जातात आणि तेथे ऑक्सिजन व पाणी ते घेऊन हायड्रॉक्सिल आयन तयार करतात. ते झाले ऋणाग्र. मधले पाणी आयनांची ने-आण करून मंडल पूर्ण करते. म्हणजे ओला पत्रा ही असंख्य लहान लहान विद्युत घटांची वसाहत असते.

केंब्रिजचे यू. आर. इव्हान्स यांनी १९२० च्या दशकात यासाठी एक सुंदर प्रयोग वापरला. तो शाळेत सहज करता येतो. १०० मिलिलिटर पाण्यात ३ ग्रॅम मीठ, चिमूटभर पोटॅशियम फेरिसायनाइड आणि फिनॉल्फ्थॅलीनचे काही थेंब मिसळावेत. पॉलिश कागदाने घासून लखलखीत केलेल्या लोखंडी पत्र्यावर या द्रावणाचा एक मोठा थेंब ठेवावा. प्रथम इकडेतिकडे निळे व गुलाबी ठिपके उमटतात. थोड्या वेळाने थेंबाचा मध्य निळा आणि कडा गुलाबी होते. निळा रंग सांगतो की तेथे लोखंड विरघळत आहे. गुलाबी रंग सांगतो की तेथे हायड्रॉक्सिल आयन तयार होत आहेत. (फेरिसायनाइडचे द्रावण तापवू नये आणि त्यात आम्ल मिसळू नये.)

यातून एक अनपेक्षित गोष्ट कळते. ऑक्सिजन भरपूर मिळतो तो थेंबाच्या कडेला. पण लोखंड झिजते ते मध्यभागी, जेथे ऑक्सिजन कमी पोचतो. गाडीतही हेच घडते. उघड्यावर, वारा लागणारा पत्रा वरवर तांबूस होतो, पण भोके पडतात ती दोन पत्र्यांच्या जोडात, दाराच्या तळाशी, चिखल साचलेल्या कोपऱ्यात आणि रंगाच्या पापुद्र्याखाली. म्हणून जुनी गाडी पाहताना दिसणाऱ्या गंजापेक्षा न दिसणाऱ्या जागांची काळजी अधिक करावी.

मीठ काय करते?

मीठ तीन प्रकारे नुकसान करते. एक, पाण्याची विद्युतवाहकता वाढवते. दोन, त्यातील क्लोराइड आयन लोखंडावरचा संरक्षक ऑक्साइडाचा पातळ थर जागोजागी फोडतो. तिसरा प्रकार सर्वांत कपटी. मीठ हवेतील ओलावा ओढून घेते. शुद्ध सोडियम क्लोराइड सुमारे ७५ टक्के सापेक्ष आर्द्रतेला स्वतःच पाणी ओढून विरघळते. समुद्राच्या मिठात असणारे मॅग्नेशियम क्लोराइड तर सुमारे ३३ टक्क्यांनाच. पावसाळ्यात बरणीतले जाडे मीठ ओले होते ते यामुळेच. कोकणात हवेची आर्द्रता वर्षाचा बराच काळ या मर्यादांच्या वर असते. पाऊस नसला, पत्रा हाताला कोरडा लागला, तरी मिठाच्या कणांभोवती पाण्याचा सूक्ष्म थर असतोच आणि वर सांगितलेले घट रात्रंदिवस चालू राहतात.

याचा हिशेब मांडू. हवेच्या क्षरणक्षमतेचे जे आंतरराष्ट्रीय वर्गीकरण आहे, त्यात तीव्र वर्गात उघडे साधे पोलाद पहिल्या वर्षी ५० ते ८० मायक्रोमीटर झिजते. अतितीव्र वर्गात ८० ते २००. गाडीचा पत्रा सुमारे ०.९ मिलिमीटर जाडीचा, म्हणजे ९०० मायक्रोमीटर. दोन्ही बाजूंनी ८० मायक्रोमीटर झीज धरली तर वर्षाला १६० मायक्रोमीटर. ९०० भागिले १६०, म्हणजे साडेपाच वर्षांत पत्रा संपला. प्रत्यक्षात गंजाचा थर वाढला की वेग मंदावतो. उलट जोडांमध्ये तो वाढतो. पण अंदाज यायला हे गणित पुरेसे आहे.

ताडपत्रीने गाडी घट्ट झाकून ठेवणे हा यावर उपाय वाटतो. तो अपायकारक आहे. रात्री ताडपत्री गार होते, आतल्या दमट हवेतील वाफ तिच्यावर दवाच्या रूपाने जमते आणि गाडीवर ठिबकते. सकाळी वारा नसल्याने ते पाणी सुकत नाही. त्यापेक्षा वर पक्के छप्पर, खाली कोरडी जमीन आणि चारी बाजूंनी खेळती हवा असलेला मांगर कितीतरी चांगला.

रंगाखाली राहिलेले मीठ

आता सवडीच्या मुद्द्याकडे येऊ. बाजारात अशी गाडी दिली तर महिनाभरात चकचकीत होऊन येते. गंज खरवडतात, खड्ड्यांत लांबी भरतात, रंग मारतात. पहिले वर्ष ती नवीकोरी दिसते. दुसऱ्या पावसाळ्यात रंगावर फोड येतात, तिसऱ्यात फोड फुटून तांबडे ओघळ दिसू लागतात. रंगाखाली क्लोराइड राहिलेले असते. रंगाचा थर आपल्याला अभेद्य वाटला तरी त्यातून पाण्याचे व ऑक्सिजनचे रेणू सावकाश आत जातात. आत मीठ असले की ते पाणी ओढून घेते, द्रावण तयार होते आणि रंगाखाली घट सुरू होतो. गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या दोन ते सहा पट असते. तो रंगाला उचलून बाजूला सारतो.

मग मीठ धुऊन का टाकू नये? टाकावेच. पण ते गंजाच्या थरात आणि जोडांच्या फटींत खोल बसलेले असते आणि तेथून ते विसरणानेच बाहेर येते. विसरणाचा नियम असा, की लागणारा वेळ अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. १ मिलिमीटर खोलीवरचे मीठ बाहेर यायला एक दिवस लागत असेल, तर ५ मिलिमीटर खोलीवरच्या मिठाला २५ दिवस लागतील आणि १ सेंटिमीटर खोलीवरच्याला १०० दिवस. पाण्याचा जोर वाढवून किंवा चार माणसे अधिक लावून हा वेळ फारसा कमी होत नाही. अमेरिकेतील 'हनली' ही १८६४ मध्ये बुडालेली पाणबुडी २००० साली समुद्रातून वर काढली गेली. क्षार काढण्यासाठी २०१४ मध्ये ती सोडियम हायड्रॉक्साइडच्या सौम्य द्रावणात बुडवली गेली, ती वर्षानुवर्षांच्या तयारीने. आमच्या गाडीचे सुटे भाग पिंपांत महिनोन्‌महिने बुडून असतात, त्यामागचे कारण तेच.

धुतलेले पाणी पुरेसे स्वच्छ झाले की नाही हे कसे कळावे? शाळेच्या प्रयोगशाळेतील सिल्व्हर नायट्रेट येथे उपयोगी पडते. भाग ऊर्ध्वपातित पाण्यात एक दिवस ठेवावा. त्या पाण्यात थोडे विरल नायट्रिक आम्ल व सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकावेत. पांढरा साका आला तर क्लोराइड अजून बाहेर येत आहे. तुलनेसाठी नुसत्या ऊर्ध्वपातित पाण्याचीही तीच परीक्षा शेजारी करावी. विहिरीचे पाणी चालणार नाही, कारण किनाऱ्यावरच्या विहिरीत क्लोराइड असतेच.

गंज काढण्याचे तीन मार्ग

पहिला मार्ग विद्युत-अपघटनाचा. प्लास्टिकच्या टबात धुण्याच्या सोड्याचे सौम्य द्रावण घेऊन गंजलेला भाग बॅटरी चार्जरच्या ऋण टोकाला आणि एखादा टाकाऊ लोखंडी पत्रा धन टोकाला जोडतात. ऋण टोकाशी हायड्रोजन निघतो, गंजाच्या काही भागाचे क्षपण होऊन काळे, सैल मॅग्नेटाइट तयार होते आणि ते ब्रशने निघते. शिवाय ऋणभारित क्लोराइड आयन भागापासून दूर, धन टोकाकडे ओढले जातात. चांगले लोखंड जवळजवळ शाबूत राहते. पथ्ये तीन. काम मोकळ्या हवेत करावे, कारण हायड्रोजन पेट घेतो. हात घालण्याआधी विद्युतप्रवाह बंद करावा. धन टोकाला स्टेनलेस स्टील लावू नये, कारण त्यातून विषारी क्रोमियमची संयुगे द्रावणात उतरतात. कडक स्प्रिंगांना मात्र हा उपाय करीत नाहीत. हायड्रोजन पोलादात शिरून त्यांना ठिसूळ करू शकतो.

दुसरा मार्ग आम्लाचा. घरी आमसुलाने किंवा चिंचेने तांब्या-पितळेची भांडी घासतात त्यामागचे तत्त्व हेच, आम्ल ऑक्साइडाला विरघळवते. लोखंडासाठी फॉस्फरिक आम्ल वापरतात, कारण ते गंज विरघळवून वर आयर्न फॉस्फेटचा पातळ थर ठेवते आणि त्यावर रंग चांगला धरतो.

तिसरा मार्ग टॅनिनचा. सह्याद्रीत मिळणाऱ्या हिरड्यात टॅनिन भरपूर असते. हिरडा आणि लोखंडाचे क्षार यांपासून पूर्वी काळी शाई व काळा रंग करीत. गंजावर टॅनिक आम्ल लावले की तोच निळसर काळा आयर्न टॅनेट तयार होतो आणि तो बराच स्थिर असतो. हिरड्याच्या काढ्यात एक गंजका खिळा टाकून हा रंगबदल वर्गात दाखवता येईल.

आटे, उष्णता आणि जुने लाकूड

जुन्या गाडीचे बोल्ट सोडवणे हेच एक शास्त्र आहे. गंज फुगून आट्यांत बसतो आणि जोर लावला की बोल्ट तुटतो. त्यापेक्षा नट तापवावा. पोलाद एका अंशाला आपल्या लांबीच्या सुमारे दशलक्षांश १२ भागांनी प्रसरण पावते. १२ मिलिमीटर व्यासाचे नटाचे भोक २०० अंशांनी तापवले तर ते १२ गुणिले ०.०००০१२ गुणिले २००, म्हणजे सुमारे ०.०३ मिलिमीटरने रुंदावते. ही फट केसाच्या जाडीहूनही कमी, पण गंजाची पकड मोडायला आणि पातळ तेल आत झिरपायला ती पुरते. मात्र नट तापताना बोल्ट गार राहिला पाहिजे, नाहीतर दोघेही सारखेच फुगतात.

या गाडीच्या इंजिनात आणखी एक गंमत आहे. त्याचे आटे मेट्रिक, पण बोल्टांची डोकी ब्रिटिश व्हिटवर्थ मापाची. मॉरिस कंपनीने १९२३ मध्ये कोव्हेंट्री येथील हॉचकिस हा फ्रेंच कंपनीचा इंजिन कारखाना विकत घेतला. तेथील यंत्रे मेट्रिक होती आणि पाने मात्र इंग्लंडात प्रचलित मापांचे होते. तेव्हा पाना बसला म्हणून आटेही व्हिटवर्थ असतील असे धरून नवा बोल्ट दामटला तर सिलिंडरचा ठोकळा खराब होतो. प्रत्येक बोल्ट मोजून, चिठ्ठी लावून ठेवण्यात एक अख्खा पावसाळा गेला.

लाकडी सांगाडा ही निराळी अडचण. ॲश आपल्याकडे मिळत नाही. होड्या बांधणाऱ्या सुतारांच्या सल्ल्याने जेथे कुजलेले होते तेवढेच तुकडे मुरवलेल्या सागवानात बदलले. खिळ्यांच्या जागी पितळी स्क्रू घालण्याचा मोह होतो. पण ओल्या, खारट हवेत पितळ आणि पोलाद एकमेकांना टेकले की घट तयार होतो आणि त्यात पोलाद झिजते. तांब्याचा प्रमाण विद्युत-विभव अधिक ०.३४ व्होल्ट, लोखंडाचा उणे ०.४४, जस्ताचा उणे ०.७६. अधिक ऋण असलेला धातू आधी जातो. हम्फ्री डेव्ही यांनी १८२४ मध्ये ब्रिटिश जहाजांच्या तांब्याच्या आवरणाला जस्ताचे व लोखंडाचे तुकडे जोडून तांबे वाचवले ते याच तत्त्वावर. लोखंडी जहाजाच्या बुडाला आजही जस्ताच्या वड्या लावतात आणि आम्ही चासीला पहिला हात देतो तो जस्ताच्या भुकटीच्या रंगाचा.

काय बदलायचे, काय ठेवायचे?

जेवढे जुने टिकवता येईल तेवढे टिकवावे, हा साधा नियम. त्याला आता कायद्याचाही आधार आहे. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये अधिसूचित केलेल्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी, मूळ रूपात जपलेली खासगी वाहने 'व्हिंटेज' म्हणून 'व्हीए' मालिकेत नोंदवता येतात. चासी, सांगाडा किंवा इंजिन यांत मोठा फेरफार केला तर ती गाडी या व्याख्येत बसत नाही. म्हणजे गंजलेली चासी कापून नवी जोडली, तर गाडी चालेल, पण ती १९५० सालची राहणार नाही.

पण या नियमाला एक अपवाद आहे आणि तो ब्रेकचा. ब्रेकचे तेल हवेतील पाणी शोषते. सामान्य डॉट ३ प्रतीचे कोरडे तेल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये अशी अट असते. पाणी शोषल्यावर हीच मर्यादा १४० अंशांवर येते. गगनबावड्याचा घाट उतरताना ब्रेक तापतात. तेलात वाफेचे बुडबुडे झाले तर पायाचा दाब बुडबुडे दाबण्यातच खर्च होतो, चाकापर्यंत पोचत नाही. म्हणून ब्रेकच्या नळ्या, रबरी भाग आणि तेल यांत जुनेपणाचे कौतुक करायचे नाही. तीच गोष्ट पेट्रोलच्या वाटेवरील रबरी नळ्यांची. आजच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. १९५० सालचे रबर त्यासाठी केलेले नव्हते. ते फुगते, चिरते आणि तापल्या इंजिनावर पेट्रोल ठिबकू शकते.

रंगासाठी आम्ही डिसेंबर-जानेवारीची वाट पाहतो. पत्र्याचे तापमान दवबिंदूपेक्षा निदान ३ अंशांनी अधिक असावे, असा रंगकामाचा संकेत आहे. शाळेतील ओल्या व कोरड्या फुग्याच्या तापमापकावरून दवबिंदू काढता येतो. मिठबावात थंडीच्या दिवसांतही पहाटेचा पत्रा या कसोटीला उतरत नाही, दुपारचा उतरतो. म्हणजे वर्षातून काही आठवडे आणि दिवसातून काही तास, एवढीच रंगाची वेळ.

मोटारीपासून शाळेच्या छतापर्यंत

एखाद्या मोटारीसाठी एवढा खटाटोप कशाला, असे कोणी म्हणेल. पण गाडीच्या दारात जे घडते तेच किनाऱ्यावरच्या प्रत्येक स्लॅबमध्ये घडत असते. काँक्रीटमधील सळई सुरक्षित राहते, कारण काँक्रीट तीव्र अल्कधर्मी असते. त्याचा पीएच १२ ते १३ असतो आणि त्या वातावरणात लोखंडावर संरक्षक थर टिकतो. समुद्राची न धुतलेली वाळू वापरली की क्लोराइड आत येते आणि तो थर फोडते. दुसरीकडे हवेतील कार्बन डायऑक्साइड काँक्रीटमध्ये शिरून त्याची अल्कता कमी करतो. तो किती खोल गेला हे पुन्हा वेळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात ठरते. याचा अर्थ नीट ध्यानात घ्यावा. सळईवर २० मिलिमीटरऐवजी १० मिलिमीटरच काँक्रीट असेल, तर हे संरक्षण निम्म्या नव्हे, चौथाई काळातच संपते. गवंडीकामात वाचवलेला एक सेंटिमीटर किती महाग पडतो, ते यावरून दिसेल.

मग सळई गंजते, गंज फुगतो आणि काँक्रीट खालून सुटते. त्याची पूर्वचिन्हे ओळखता येतात. सळईच्या रेषेत सरळ जाणारी चीर, तिच्याकाठचे तपकिरी डाग, टिचकी मारल्यावर येणारा पोकळ आवाज. पडलेल्या खपलीच्या जागी ताज्या तुटलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फ्थॅलीनचा थेंब टाकावा. गुलाबी झाले तर अल्कता शिल्लक आहे. रंगहीन राहिले तर तेवढ्या भागातले संरक्षण संपले आहे. गुलाबी रंग आला तरी क्लोराइड नाही असे मात्र त्यावरून ठरत नाही.

किनाऱ्यावरील शाळांतील शिक्षकांनी या पावसाळ्यानंतर विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन आपल्या इमारतीची अशी पाहणी जरूर करावी. व्हरांड्याचे छत, सज्जे आणि पाण्याच्या टाकीखालचा भाग आधी पाहावा, अर्थात जमिनीवर उभे राहून. चिरा कोठे आहेत याचा आराखडा काढून तारीख घालावी आणि सहा महिन्यांनी पुन्हा तुलना करावी. चीर सळईच्या रेषेत असेल आणि वाढत असेल तर तिच्यावर गिलावा व रंग चढवून ती झाकू नये. त्या छताखालचे बाक त्याच दिवशी हलवावेत आणि आराखड्यासह अभियंत्याला लेखी कळवावे. मोटारीच्या कामाला सवड असते. या कामाला नसते.